वॉर्डातला कचरा आणि पक्षाचा जाहीरनामा



 ज्या बाईंच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी जमतो, त्यांनी कोणत्याही पक्षाचं तिकीट कधी मागितलं नाही. पण नळाच्या पाण्यापासून रेशनकार्डापर्यंत गल्लीतली कुठलीही अडचण घेऊन लोक आधी त्यांच्या दारात यायचे. आजचा विषय ठरवताना मला तेच सारखं आठवत होतं. अशी वर्षानुवर्षं खपलेली बाई एक दिवस पक्षात शिरते, तेव्हा ती पक्षाला काय देते, पक्ष तिला काय देतो, आणि या देवघेवीची किंमत कोण मोजतं? हा प्रश्न मी अमेरिकेच्या एका जुन्या प्रकरणात शोधणार आहे. अमेरिकन बायकांच्या राजकारणाची गोष्ट आपण सहसा १९२० सालापासून सांगतो, कारण त्या वर्षी त्यांना देशभर मताचा हक्क मिळाला. मी आठ वर्षं मागे जाणार आहे. मत नसलेल्या बायका तेव्हा एका राष्ट्रीय पक्षाच्या आतल्या खोलीत बसून त्याचा कार्यक्रम घडवत होत्या.

साल १९१२. जून महिन्यात शिकागोच्या कोलिझियम सभागृहात रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन झालं आणि विद्यमान राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनाच पुन्हा उमेदवारी मिळाली. माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांचे पाठीराखे आपल्याला लुबाडलं असं म्हणत बाहेर पडले. ऑगस्टमध्ये त्याच सभागृहात त्यांनी नवा पक्ष उभा केला, प्रोग्रेसिव्ह पार्टी. त्या अधिवेशनाचं वातावरण एखाद्या प्रार्थनासभेसारखं होतं. प्रतिनिधी उभे राहून चर्चमधली भजनं म्हणत होते, आणि पक्षाच्या राजकारणाला कंटाळलेले प्राध्यापक, धर्मोपदेशक, समाजकार्यकर्ते पहिल्यांदाच अशा ठिकाणी आले होते. ७ ऑगस्टला रूझवेल्ट यांच्या उमेदवारीला अनुमोदन द्यायला शिकागोच्या समाजकार्यकर्त्या जेन अ‍ॅडम्स उठल्या. एवढ्या मोठ्या पक्षाच्या व्यासपीठावरून एका बाईनं राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला अनुमोदन द्यावं, हे अपूर्व होतं. त्यांना टाळ्याही भरपूर मिळाल्या. आणि या बाईंना स्वतःला त्या निवडणुकीत मत देता येणार नव्हतं. देशातल्या फक्त सहा राज्यांत तेव्हा बायकांना पूर्ण मताधिकार होता आणि त्यांचं इलिनॉय त्या सहांत नव्हतं.

मग त्यांना तिथे का बोलावलं? शोभेसाठी, असं तेव्हाही काही लोक म्हणाले. माझं म्हणणं वेगळं आहे. त्या पक्षाकडे एक लोकप्रिय नेता होता, पैसेवाले होते, राग होता. पण लोकांच्या जगण्याबद्दल नेमकं काय करायचं हे सांगणारा कागद नव्हता. तो कागद या बायकांकडे होता, आणि तो तयार व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला होता. म्हणून मला आधी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर जाऊ द्या.

सप्टेंबर १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि त्यांची मैत्रीण एलन गेट्स स्टार या रस्त्यावरच्या एका जुन्या घरात राहायला आल्या. अ‍ॅडम्स तेव्हा एकोणतीस वर्षांच्या, खेड्यातल्या सधन घरातल्या; वडील इलिनॉयच्या राज्य सिनेटमध्ये होते आणि लिंकनचे स्नेही होते. लंडनमधलं टॉयन्बी हॉल त्यांनी पाहिलं होतं. तिथे शिकलेली मुलं गरीब वस्तीत येऊन राहत असत, त्याच धर्तीवर हे घर, हल हाउस. आजूबाजूला इटालियन, रशियन ज्यू, बोहेमियन, ग्रीक, आयरिश अशी नुकती बोटीतून उतरलेली माणसं होती. वर्ष १८८९ म्हटलं की मराठी माणसाला दुसरं काही आठवायला हवं. पंडिता रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ हिंडून परत आल्या, त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक छापलं, तेही याच वर्षी. बायकांनी स्वतःच्या संस्था काढाव्यात, वर्गणी जमवावी, ठराव करावेत आणि ते तडीस न्यावेत, याचं रमाबाईंना किती अप्रूप वाटलं, हे त्या पुस्तकात पानोपानी दिसतं. फ्रान्सिस विलर्ड यांच्या मद्यपानविरोधी स्त्री-संघटनेशी त्यांचा जवळचा संबंध आला होता. विलर्ड यांनी १८८४ पासून आपल्या संघटनेचं वजन दारूबंदी पक्षाच्या पारड्यात टाकलं होतं, आणि त्यावरून संघटनेत फूटही पडली होती. म्हणजे पक्षात पाय ठेवणाऱ्या अ‍ॅडम्स पहिल्या नव्हेत. त्यांच्या आधीची वाट रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिली होती.

हल हाउसमधल्या पहिल्या नाताळची एक गोष्ट अ‍ॅडम्स यांनी लिहून ठेवली आहे. वस्तीतल्या मुलींना त्यांनी गोड गोळ्या वाटायला घेतल्या. काही लहान मुलींनी हात पुढे केले नाहीत. विचारल्यावर त्या म्हणाल्या, आम्ही गोळ्यांच्या कारखान्यातच काम करतो, आता त्यांच्याकडे बघवत नाही. नाताळच्या तोंडावर सहा आठवडे त्या सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत राबत होत्या. अ‍ॅडम्स यांनी या प्रसंगावर फार भाष्य केलेलं नाही. पण पुढे मुलांच्या मजुरीविरुद्ध जी कलमं लिहिली गेली, ती कोणाचे चेहरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिली, हे मला तरी तिथे कळतं.

दुसरी गोष्ट कचऱ्याची. एकोणिसाव्या वॉर्डात रस्त्याकडेला मोठमोठ्या लाकडी पेट्या ठोकलेल्या असत. त्या तुडुंब भरलेल्या, कुजलेल्या, आणि मुलं त्यांच्यावर चढून खेळायची. मृत्यूचं प्रमाण वस्तीत जास्त होतं. हल हाउसच्या बायकांच्या मंडळानं गल्लोगल्ली हिंडून तक्रारी नोंदवल्या आणि नगरपालिकेकडे शेकड्यांनी पाठवल्या. काही झालं नाही. १८९५ मध्ये अ‍ॅडम्स यांनी सरळ कचरा उचलण्याच्या ठेक्यासाठीच निविदा भरली. ती तांत्रिक कारणावरून बाद झाली, पण गवगवा इतका झाला की महापौरांनी त्यांना वॉर्डाच्या कचरा निरीक्षक नेमलं. पगार वर्षाला १,००० डॉलर. मग या बाई सकाळी सहाला उठून कचऱ्याच्या गाड्यांमागे डेपोपर्यंत जाऊ लागल्या. ठेकेदाराला गाड्या वाढवायला लावल्या, मेलेली जनावरं उचलायला लावली. एका अरुंद गल्लीत खणता खणता १८ इंच कचऱ्याखाली फरसबंदी सापडली. तिथे रस्ता बांधलेला आहे याची नोंद शहराच्या दप्तरात होती, ती नंतर मिळाली; राहणाऱ्यांना मात्र त्या रस्त्याचा पत्ताच नव्हता.

कचऱ्याच्या ठेक्यामागे नगरसेवक होता, जॉनी पॉवर्स. हा माणूस समजून घेण्यासारखा आहे. नाताळला तो घरोघर टर्की कोंबड्या वाटायचा, मयताला हजर राहायचा, बेकाराला पालिकेत चिकटवायचा, तुरुंगातून सोडवून आणायचा. हल हाउसनं त्याच्याविरुद्ध उमेदवार उभे केले आणि १८९८ मध्ये मोठी लढत देऊनही हार खाल्ली. त्या पराभवाच्या सुमारास अ‍ॅडम्स यांनी जे लिहिलं ते मला त्यांच्या सगळ्या लेखनात फार मोलाचं वाटतं. त्यांनी मतदारांना दोष दिला नाही. हा माणूस गरिबाच्या गरजेला धावतो, सुधारक मात्र तत्त्वं सांगायला येतात, म्हणून तो निवडून येतो; जोवर म्हातारपण, बेकारी, आजारपण यांची सोय सार्वजनिक पैशातून, हक्क म्हणून होत नाही, तोवर लोक टर्की वाटणाऱ्यालाच मत देणार आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, असा तो विचार होता. नंतरच्या जाहीरनाम्यातल्या सामाजिक विम्याचं बीज या विचारात आहे.

आता दोन बायकांची ओळख करून देते. नावं सारखी आहेत, म्हणून जरा सावकाश. एक फ्लॉरेन्स केली, दुसऱ्या फ्रान्सिस केलर. केलर यांच्याकडे मी नंतर येते. केली या काँग्रेस सदस्याची मुलगी. एंगल्सच्या इंग्लंडमधील कामगारांवरच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर त्यांनी केलेलं. १८९१ च्या अखेरीस त्या मुलांना घेऊन हल हाउसच्या दारात आल्या. त्यांनी या घराला तपशिलाची शिस्त लावली. घरोघर जाऊन कोण कुठून आलं, आठवड्याला किती कमावतं, याची पाहणी झाली आणि तिच्यावरून गल्लीगल्लीचे रंगीत नकाशे तयार झाले, एक राष्ट्रीयत्वाचा, एक मजुरीचा. १८९५ मध्ये ते पुस्तकरूपानं निघाले. त्याआधीच, १८९३ मध्ये, इलिनॉयनं कारखाना कायदा केला होता: चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी, बायकांना आठ तासांचा दिवस, घरगुती शिवणकामाच्या कोंदट खोल्यांची तपासणी. गव्हर्नर आल्टगेल्ड यांनी केली यांनाच मुख्य फॅक्टरी इन्स्पेक्टर केलं. १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ तासांचं कलम उडवलं. १८९७ मध्ये गव्हर्नर बदलला आणि केलींची नोकरी गेली.

हा क्रम मुद्दाम सांगितला. गल्लीत सुरुवात केली तर नगरसेवक आडवा आला. त्याच्या वर राज्यात गेल्या तर कायदा मिळाला आणि न्यायालयानं तो मोडला. एका राज्यात बंदी घातली की कारखानदार शेजारच्या राज्यात जायची धमकी देई. १९०८ मध्ये ओरेगॉनच्या खटल्यात केली यांच्या सहकारी जोसेफिन गोल्डमार्क यांनी जमवलेल्या माहितीच्या जोरावर वकील ब्रँडाइस यांनी बायकांच्या कामाच्या तासांवरची मर्यादा देशाच्या सर्वोच्च न्यायालयात टिकवून दाखवली, पण अशी लढाई राज्याराज्यांत वेगळी किती वर्षं लढणार? मार्च १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या ट्रायँगल कारखान्यात आग लागली, दार बंद होतं, १४६ माणसं मेली. बहुतेक तरुण मुली. राष्ट्रीय पक्षाशिवाय हे पुढे सरकणार नाही या निष्कर्षाला या बायका हौसेनं आल्या नव्हत्या, बाकीची दारं ठोठावून झाल्यावर आल्या.

१९१२ च्या जूनमध्ये क्लीव्हलंडला समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय परिषदेत कामगारांच्या जीवनमानाची एक यादी मांडली गेली. बायकांना आठ तासांचा दिवस, रात्रपाळीला बंदी, किमान वेतन, बालमजुरीला मनाई, आठवड्यात एक सुट्टी, अपघाताची भरपाई, म्हातारपण-आजार-बेकारीसाठी विमा. काही आठवड्यांत ही यादी जवळपास तशीच प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या जाहीरनाम्यात आली. सोबत स्त्रियांच्या समान मताधिकाराचं कलमही आलं. रूझवेल्ट या बाबतीत आधी कोमट होते. बायकांनीच आपसांत मतदान करून ठरवावं असं म्हणायचे. आता त्यांनी अट काढून टाकली. ज्या घरात नाताळच्या गोळ्या नाकारल्या गेल्या त्या घरातल्या बाईला देशाच्या माजी अध्यक्षाच्या जाहीरनाम्यात आपले शब्द दिसले. अ‍ॅडम्स यांना काय वाटलं असेल याची कल्पना करता येते. आयुष्यभर चार-चार माणसांना पटवत हिंडलेल्या माणसाला एकदम लाखोंचा श्रोतृवर्ग मिळतो, तेव्हा तो पाठ फिरवू शकत नाही.

आता किमतीकडे येऊ. एक किंमत लहान होती. जाहीरनाम्यात दरवर्षी दोन युद्धनौका बांधण्याचं कलम होतं, आणि अ‍ॅडम्स तर शांततावादी. ते गिळणं आपल्याला किती जड गेलं, हे त्यांनी लिहिलं आहे. ही किंमत त्यांनी स्वतःच्या विवेकातून मोजली. तिच्याबद्दल मी त्यांना काही विचारणार नाही.

दुसरी किंमत मोठी. दक्षिणेतल्या फ्लॉरिडा, मिसिसिपीसारख्या राज्यांतून कृष्णवर्णीय प्रतिनिधी शिकागोला आले होते. रूझवेल्ट यांनी आधीच ठरवलं होतं की दक्षिणेत हा पक्ष गोऱ्यांचा असेल. उत्तरेतले कृष्णवर्णीय प्रतिनिधी चालतील, दक्षिणेतले नाहीत. त्या प्रतिनिधींना आत घेतलं नाही. कृष्णवर्णीय विचारवंत विल्यम ड्यू बॉइस यांनी समान हक्कांचं एक कलम लिहून पाठवलं होतं. ते त्यांचे सहकारी जोएल स्पिंगार्न यांच्यामार्फत पोचलं आणि फेटाळलं गेलं. अ‍ॅडम्स गप्प बसल्या नाहीत. त्या अधिवेशनाच्या समितीपुढे गेल्या, बोलल्या, हरल्या. आणि मग व्यासपीठावर जाऊन त्यांनी रूझवेल्ट यांना अनुमोदन दिलं.

हे विसरू नका की कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी १९०९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संस्थेच्या संस्थापकांत अ‍ॅडम्स होत्या. त्याच संस्थेच्या, ड्यू बॉइस संपादित ‘क्रायसिस’ मासिकात नोव्हेंबर १९१२ मध्ये त्यांनी आपली बाजू मांडली. आपले गुलामगिरीविरोधी वडील अशा अधिवेशनात थांबले असते का, हा प्रश्न त्यांनी त्या लेखात स्वतःला विचारला. थांबावं, कारण एकूण लोकशाहीचा झगडा पुढे गेला तर हाही प्रश्न पुढे जाईल, असं उत्तर त्यांनी दिलं. मी तो लेख अनेकदा वाचला. त्यात प्रामाणिकपणा आहे, वेदना आहे. तरी माझं मत स्पष्ट आहे: त्या चुकल्या. युद्धनौकांची किंमत त्यांनी आपल्या खिशातून दिली, ही मात्र दुसऱ्याच्या खिशातून दिली, आणि ज्यांच्या खिशातून दिली ते दाराबाहेर उभे होते.

हे त्यांना कळायला हवं होतं असं मी म्हणते, त्याला कारण आहे. शिकागोतच आयडा वेल्स-बार्नेट राहत होत्या. गुलामीत जन्मलेल्या, झुंडबळींविरुद्ध दोन दशकं लिहिणाऱ्या पत्रकार. १९०१ मध्ये अ‍ॅडम्स यांनी झुंडबळींचा निषेध करणारा लेख लिहिला, पण मारल्या गेलेल्यांवरचे आरोप खरे असतील असं गृहीत धरून. वेल्स यांनी आदरानं, पण ठाम उत्तर छापलं. वर्तमानपत्रांतल्याच आकड्यांवरून त्यांनी दाखवलं की बलात्काराचा आरोपसुद्धा बहुतेक प्रकरणांत नव्हता. म्हणजे हल हाउसच्या बायका ज्या पद्धतीचा अभिमान धरत, आधी तपशील आणि मग मत, तीच पद्धत वेल्स यांनी त्यांना त्यांच्याच अंगणात शिकवली होती. त्याच सुमारास शिकागोच्या एका वर्तमानपत्रानं शाळांत वर्णभेदाची हाक दिली तेव्हा वेल्स मदतीला अ‍ॅडम्स यांच्याकडेच गेल्या, आणि अ‍ॅडम्स यांनी वजनदार माणसं गोळा करून ते थांबवलं. ओळख होती, विश्वास होता. १९१२ च्या ऑगस्टमध्ये तो विश्वास पणाला लागला.

आणि व्यवहार म्हणून तरी हा सौदा फळला का? दक्षिणेत रूझवेल्ट यांना एकही राज्य मिळालं नाही. ज्या गोऱ्या मतांसाठी कृष्णवर्णीयांना दाराबाहेर ठेवलं ती बहुतेक डेमोक्रॅटिक उमेदवार विल्सन यांच्याकडे गेली. ड्यू बॉइस यांनीही चिडून विल्सन यांना पाठिंबा दिला, आणि विल्सन यांच्या सरकारनं वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत वर्णभेद आणला. कृष्णवर्णीय मतदाराला त्या वर्षी कुठलाच दरवाजा उघडा नव्हता.

प्रचाराबद्दल थोडक्यात. अ‍ॅडम्स यांनी राज्याराज्यांत सभा घेतल्या, मासिकांतून जाहीरनाम्याची कलमं समजावून सांगितली. त्यांच्या नावानं गाणारी ‘जेन अ‍ॅडम्स’ गायनपथकं निघाली. मताधिकार चळवळीतल्या मैत्रिणी नाराज झाल्या, कारण अ‍ॅडम्स त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या उपाध्यक्ष होत्या आणि संघटना कोणत्याच पक्षाची नव्हती. परोपकाराच्या कामात पक्ष आणू नये, असंही त्यांना सुनावण्यात आलं. हा आक्षेप मला पोकळ वाटतो. कचरा, मजुरी, आग यांत राजकारण आधीपासून होतंच; अ‍ॅडम्स यांनी फक्त ते मान्य केलं. नोव्हेंबरमध्ये रूझवेल्ट यांना सुमारे ४१ लाख, म्हणजे २७ टक्के मतं आणि ८८ निर्वाचक मतं पडली. विल्सन ४३५ निर्वाचक मतांनी निवडून आले. विद्यमान अध्यक्ष टाफ्ट यांना फक्त ८ मिळाली.

इथे बहुतेक जण गोष्ट संपवतात. माझ्या मते या प्रकरणातलं सगळ्यात वेगळं काम निवडणूक हरल्यावर सुरू झालं, आणि ते फ्रान्सिस केलर यांचं. वडिलांनी सोडलेलं कुटुंब, आई धुणीभांडी करून घर चालवणारी, गावातल्या ग्रंथपाल बहिणींनी हात दिला म्हणून शिकलेली ही मुलगी. कॉर्नेलहून १८९७ मध्ये कायद्याची पदवी घेतली. १९०४ च्या ‘आउट ऑफ वर्क’ या त्यांच्या पुस्तकासाठी पाहणी करणाऱ्या बायका काम शोधणाऱ्या मुली बनून नोकरी देणाऱ्या दलालांच्या कचेऱ्यांत जाऊन बसल्या होत्या. पुढे न्यूयॉर्क राज्यानं स्थलांतरित मजुरांसाठी खातं काढलं तेव्हा त्याच्या प्रमुखपदी केलर आल्या.

त्यांनी पक्षापुढे मांडलेली कल्पना अशी. निवडणूक संपली की पक्ष चार वर्षं झोपतो, आणि मग मतदाराला फक्त घोषणा ऐकू येतात. पक्षानं मधल्या काळात काम करावं. डिसेंबर १९१२ मध्ये शिकागोच्या बैठकीत ‘प्रोग्रेसिव्ह सर्व्हिस’ला मंजुरी मिळाली आणि केलर तिच्या प्रमुख झाल्या. सामाजिक व औद्योगिक न्यायाचा विभाग अ‍ॅडम्स यांच्याकडे, वनसंपत्तीचा वनतज्ज्ञ पिंचो यांच्याकडे, असे विभाग. विधेयकं लिहून द्यायला डोनाल्ड रिचबर्ग या तरुण वकिलाच्या हाताखाली एक वेगळी शाखा. प्रत्येक कलमाचं विधेयक करायचं, राज्यांच्या विधिमंडळांत पक्षाचे जे सदस्य असतील त्यांच्या हातात द्यायचं, वस्तीवस्तीत व्याख्यानं द्यायची, आणि कोणी काय मत दिलं याची नोंद ठेवायची. पक्ष म्हणजे अभ्यासाची जागा, असं एका बाईनं १९१२ मध्ये मांडलं आणि वर्ष-दीड वर्ष चालवूनही दाखवलं. आपल्याकडच्या एखाद्या पक्षकार्यालयात निवडणुकीनंतर सहा महिन्यांनी डोकावून या, म्हणजे केलर यांची कल्पना किती पुढची होती ते दिसेल.

ती टिकली नाही. पक्षाच्या कार्यकारिणीच्या प्रमुखपदी जॉर्ज पर्किन्स होते, मॉर्गन बँकेचे माजी भागीदार. मक्तेदार कंपन्यांबद्दल पक्षानं काय म्हणावं यावरून त्यांच्यात आणि सुधारकांत सुरुवातीपासून ओढाताण होती. व्यवसाय म्हणून राजकारण करणाऱ्यांना वाटे की हे अभ्यासाचे खर्च कशाला, तेवढ्या पैशात मतदारसंघ बांधता येईल. तो पैसा मोजक्या श्रीमंतांकडून येत होता, त्यामुळे बोलण्यातही त्यांचा शब्द चाले. १९१४ च्या निवडणुकांत पक्षाचा धुव्वा उडाला आणि सर्व्हिसचा गाशा गुंडाळला गेला. १९१६ मध्ये रूझवेल्ट यांनी पक्षाची उमेदवारी नाकारून रिपब्लिकन उमेदवाराला पाठिंबा दिला. अ‍ॅडम्स त्याआधीच दूर गेल्या होत्या; १९१५ मध्ये हेग इथल्या स्त्रियांच्या शांतता परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या आणि रूझवेल्ट यांनी त्या परिषदेवर कडक शब्दांत आग पाखडली होती.

तरी मागे काही राहिलं. इलिनॉयच्या विधिमंडळात प्रोग्रेसिव्ह सदस्यांच्या हातात पारडं होतं, त्यामुळे जून १९१३ मध्ये बायकांना राष्ट्राध्यक्ष आणि नगरपालिका निवडणुकीत मत मिळालं. मिसिसिपी नदीच्या पूर्वेला असं करणारं हे पहिलं राज्य. त्याच वर्षी जानेवारीत आयडा वेल्स यांनी शिकागोत कृष्णवर्णीय बायकांचा ‘अल्फा सफ्रेज क्लब’ काढला होता. गल्लोगल्ली हिंडून त्यांनी मतदार नोंदवले, आणि १९१५ मध्ये शिकागोला ऑस्कर डी प्रीस्ट हा पहिला कृष्णवर्णीय नगरसेवक मिळाला. वेल्स यांना पक्षानं काही दिलं नव्हतं. त्यांनी वॉर्डापासूनच सुरुवात केली.

हल हाउसचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो, तोही सांगते. तत्त्वज्ञ जॉन ड्यूई शिकागोत असताना हल हाउसचे विश्वस्त होते, अ‍ॅडम्स यांचे जिवलग. एका मुलीचं नाव त्यांनी जेन ठेवलं. लोकशाही म्हणजे सरकारचा प्रकार नव्हे, एकत्र जगण्याची रीत आहे, या त्यांच्या विचारामागे हल हाउसच्या जेवणाच्या टेबलावरच्या चर्चाही आहेत. ड्यूई पुढे कोलंबिया विद्यापीठात गेले आणि जुलै १९१३ मध्ये तिथे भीमराव आंबेडकर आले. ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात बाबासाहेबांनी ड्यूई यांचं ऋण नावानिशी मान्य केलं आहे. ज्या पक्षानं दारात माणसं अडवली त्याच्या अवतीभवतीचा विचार अशा माणसाच्या हाती पडला ज्याला दारात अडवलं जाण्याचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

राहता राहिली ती क्लीव्हलंडची यादी. अ‍ॅडम्स यांच्याबरोबर तरुणपणी हल हाउसमध्ये वावरलेल्या आणि ट्रायँगलची आग रस्त्यावर उभं राहून पाहिलेल्या एक बाई होत्या, फ्रान्सिस पर्किन्स. मघाच्या बँकवाल्या पर्किन्सशी त्यांचं नातं नाही. १९३३ मध्ये त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या, मंत्रिमंडळातल्या पहिल्या स्त्री. मे १९३५ मध्ये अ‍ॅडम्स गेल्या. त्याच वर्षी १४ ऑगस्टला सामाजिक सुरक्षा कायद्यावर सही झाली: वृद्धांना निवृत्तिवेतन, बेकारांना विमा. १९३८ मध्ये किमान वेतन, कामाच्या तासांची मर्यादा आणि बालमजुरीवर बंदी आली. १९१२ चा कागद बराचसा कायदा झाला होता.

फक्त १९३५ च्या कायद्याच्या विम्यातून शेतमजूर आणि घरकाम करणारी माणसं वगळली होती. का वगळली, वसुलीच्या अडचणीमुळे की दक्षिणेतल्या गोऱ्या खासदारांच्या दबावामुळे, यावर इतिहासकारांत वाद आहे. परिणामावर वाद नाही. दक्षिणेतले बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार याच दोन कामांत होते. शिकागोच्या अधिवेशनात ज्यांच्या प्रतिनिधींना जागा मिळाली नव्हती त्यांच्यापैकीच ते. १९५० च्या दुरुस्तीनं नियमित कामावर असलेल्या घरकामगार बायका आणि शेतमजूर पहिल्यांदा त्या विम्यात आले. स्वयंपाकघरात आणि कापसाच्या रानात राबणाऱ्या या माणसांची म्हातारपणासाठीची कपात पुढच्या वर्षापासून सुरू झाली.